मोठ्या क्लबची जर्सी जड असते म्हणतात, ते खरं का बे?

पार्कचा_पाहुणा

मंडळी, परवा रात्री सात रस्त्याला चहाला बसलो होतो. आमच्यातला एक जण एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना सांभाळतो, त्याच्यासमोर चुकून बोललो की फुटबॉलमधल्या मँचेस्टर युनायटेडच्या पोरांवर लई प्रेशर असतं. झालं. "आठवड्याला कोटी कोटी घेतात बे, कसलं प्रेशर? माल पॅक करून ठेवल्यावर ऑर्डर कॅन्सल झाली की ये माझ्याकडं, दाखवतो प्रेशर." सगळे हसले, मी पण हसलो, वर चहाचे पैसे पण मलाच द्यायला लावले. पण घरी आल्यावर डोक्यातून जाईना म्हणून हा धागा.

मी १९९९ पासूनचा युनायटेडवाला. बायर्नबरोबरची चॅम्पियन्स लीगची ती फायनल, ९० मिनिटं संपली तरी ०-१, आणि मग वरच्या दोन-तीन मिनिटांत शेरिंगहॅम आणि सोल्स्क्यार. शेजारच्या काकांकडं बघत होतो, ओरडलो म्हणून काकूंनी टीव्हीच बंद केला, कप उचलताना बघायचा राहिला तो राहिलाच.

फर्ग्युसन मॅनेजर होता तोवर वाटायचं की हा शर्ट घातला की साधा प्लेयर पण छाती काढून खेळतो. २०१३ ला तो गेला, २६ वर्षं आणि १३ लीग टायटल मागं ठेवून, आणि त्यानंतर तोच शर्ट येईल त्याला बुडवायलाय. त्याच्या जागी मोयेसला सहा वर्षांचा करार दिला, दहा महिन्यांत घरी. डी मारिया माद्रिदकडून चॅम्पियन्स लीगची फायनल गाजवून आला, तेव्हाची ब्रिटनमधली सगळ्यात महाग खरेदी, एका सीझनमध्ये पॅरिसला गेला. आणि मॅकटॉमिने! पाच वर्षांचा असल्यापासून युनायटेडच्या अकादमीतला पोरगा, इथं लोक त्याला नावं ठेवायचे, २०२४ ला इटलीतल्या नापोलीला विकला आणि तिथं पहिल्याच वर्षी लीग पण जिंकली आणि सेरी आ चा, म्हणजे तिथल्या लीगचा, सर्वोत्तम खेळाडू पण तोच. पाय तर तेच की. मग बदललं काय?

जर्सी जड असते हे खरं का कॉमेंट्रीवाल्यांचं पोट भरायचं साधन, एवढंच विचारायचंय.

जुळे_सोलापूरकर

टॉवेलवाल्याला माझा पाठिंबा.

मॅकटॉमिनेचं उत्तर सोपं आहे. नापोलीचा कोच कॉन्टेनं त्याला पुढं खेळवलं, गोलजवळ, तो मुळात बॉक्समध्ये घुसणारा प्लेयर. युनायटेडमध्ये त्याला बरीच वर्षं मागं थांबवून ठेवला. पोझिशनचा प्रश्न होता, तुम्ही लोक त्याची पोथी करता. आणि नापोली काय गल्लीतला क्लब आहे का? मॅराडोनाची १० नंबर तिथं २००० पासून कुणालाच देत नाहीत, स्टेडियमला त्याचं नाव, भिंतीभिंतीवर त्याचं चित्र. म्हणजे तिथं पण इतिहासाचं ओझं आहेच की, मग तिथं हा कसा खेळला?

पार्कचा_पाहुणा

@जुळे_सोलापूरकर मुद्दा बरोबर आहे, पण तो तिथं पाहुणा म्हणून गेला. पाहुण्याला घरातली जुनी भांडणं माहीत नसतात आणि कुणी सांगतही नाही.

शेंगाचटणी_७

वाचतोय. नंबरावरून आठवलं. युनायटेडचा ७ नंबर म्हणजे जॉर्ज बेस्ट, रॉबसन, कँटोना, बेकहॅम, रोनाल्डो. २०१२ ला तो व्हॅलेन्सियाला दिला. बिचारा आधीच्या सीझनमध्ये चांगला खेळला होता म्हणूनच दिला असणार. एक सीझन घातला आणि स्वतः जाऊन आपला जुना २५ परत मागून घेतला. आणि नंतर त्याच २५ वर कित्येक वर्षं खेळला, कॅप्टन पण झाला. आता बोला.

बार्सात, म्हणजे बार्सेलोनात पण तेच. अन्सू फाती १६ वर्षांचा असताना गोल मारायला लागला, २०२१ ला मेस्सी गेला आणि ती १० नंबर उचलून ह्याला दिली. आधीच गुडघ्याची ऑपरेशनं झालेलं पोर ते. दोन वर्षांनी ब्रायटनला लोनवर, म्हणजे उसना दिला. दुखापतीमुळं झालं हे मान्य, पण त्या पोराच्या पाठीवर तो आकडा द्यायची एवढी घाई कुणाला होती?

माझा आयडीतला ७ बेकहॅमचा आहे, चटणी मात्र आमच्या घरची आहे. पाहिजे असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

साखरपेठ_एक्सप्रेस

चटणीची जाहिरात धाग्यात करू नये असा नियम आहे ना? (पाव किलो माझ्यासाठी काढून ठेव.)

मी लिव्हरपूलवाला असल्यानं युनायटेडचं दुःख वाचून मला मनापासून बरं वाटायलंय, पण धाग्याचा विषय सिरियस आहे म्हणून सिरियस लिहितो.

आमचा जेरार्ड. नऊ वर्षांचा असल्यापासून क्लबच्या अकादमीत. हिल्सबरो स्टेडियमच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलची जी ९७ माणसं गेली त्यातला सगळ्यात लहान मुलगा १० वर्षांचा, तो ह्याच्याच नात्यातला भाऊ. म्हणजे बघा, ज्या क्लबची मॅच बघायला भाऊ गेला आणि परत आला नाही त्याच क्लबचा हा पुढं कॅप्टन. मैदानात उतरताना ह्याच्या डोक्यात काय असेल ते आपण इथं सोलापुरात बसून काय सांगणार. २००५ ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला ०-३ वरून पहिला गोल ह्याचा, कप जिंकला. आणि २०१४ ला, १९९० पासून लीग जिंकली नव्हती आणि हातातोंडाशी आली होती, तेव्हा चेल्सीसमोर घसरून पडला तो पण हाच. बाकी दहा जणांतलं कुणी घसरलं असतं तर लोक विसरले असते. लीग शेवटी २०२० ला आली, तोवर हा रिटायर. आजही विरोधी टीमचे लोक त्या घसरण्याचं गाणं म्हणतात.

हे पैशाचं प्रेशर नाही बे. पैसा काय, त्याला दुसरीकडं पण मिळालाच असता, चेल्सी मागं लागलं होतं २००५ ला.

जुळे_सोलापूरकर

जेरार्ड मान्य. पण तो अपवाद आहे, गावातलाच पोरगा. बाहेरून विकत आणलेल्याला काय घेणंदेणं? हारले काय जिंकले काय, पगार सुरू.

गोलकीपर_निवृत्त

बरेच दिवस फक्त वाचत होतो, ह्या वाक्यासाठी लॉगिन केलं.

मी कॉलेजला असताना रेल्वे ग्राउंडवर कीपर होतो, लई मोठा तीर मारला नाही, पण कीपरचं एकटेपण काय असतं ते कळण्याइतका खेळलो. फॉरवर्डनं पाच चान्स घालवले आणि सहावा मारला की तो हिरो. आपण पाच अडवले आणि सहावा सुटला की गाडी काढेपर्यंत लोक तोंडाकडं बघत नाहीत.

विकत आणलेल्याला काय घेणंदेणं म्हणता ना, जर्मन कीपर रॉबर्ट एन्के वाचा. २००२ ला बार्सात आला. पहिलीच मॅच कपची, समोर नोव्हेल्डा म्हणून तिसऱ्या डिव्हिजनचा क्लब, ३-२ नं हारले. मॅचनंतर स्वतःच्याच टीममधल्या सिनियरनं, फ्रँक डी बोअरनं, उघडपणे त्याच्यावर बोट ठेवलं. त्यानंतर तिथं त्याचं नीट कधी जमलंच नाही. डिप्रेशनचा त्रास सुरू झाला, मध्ये सावरला, हॅनोव्हरमध्ये चांगला खेळला, जर्मनीच्या टीमपर्यंत पोचला. २००९ ला त्यानं आयुष्य संपवलं. सगळं एका मॅचमुळं झालं असं म्हणणं चूक आहे, आजार होता तो आजारच, मधल्या काळात त्याची लहान मुलगी पण गेली होती. पण आजारी माणसानं मदत मागायला पण जागा लागते, आणि मोठ्या क्लबात कीपर आजारी आहे म्हटलं की दुसऱ्या दिवशी त्याची जागा गेली, ही भीती त्याला शेवटपर्यंत होती म्हणून तो लपवत राहिला.

अजून एक, आंद्रे गोमेस. बार्सात असताना २०१८ ला त्यानं मुलाखतीत सरळ सांगितलं की घराबाहेर पडायची लाज वाटते, लोक बघतील म्हणून. पोर्तुगालबरोबर युरो कप जिंकलेला माणूस आहे हो तो. पगार सुरूच होता त्याचा.

जुळे_सोलापूरकर

ठीक आहे. माझं वाक्य मागं घेतो. टॉवेलवाल्याचा पाठिंबा पण निम्मा काढून घेतो.

हातमाग

तुम्ही सगळे इंग्लंड-स्पेन करताय, आपल्या देशात पण शंभर वर्षांच्या वरचे क्लब आहेत म्हटलं.

मी नव्वदच्या दशकात चादरी-टॉवेलच्या धंद्यापायी कोलकात्याला वर्षातून तीन-चार चकरा करायचो, बडाबाजारात आमचे एक व्यापारी, घराणंच मोहन बागान क्लबचं. त्यांच्याकडं गेलं की हिशोब नंतर, आधी १९११. आयएफए शील्डची फायनल, समोर गोऱ्या पलटणीची टीम ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, आपले अकरापैकी दहा जण अनवाणी, एकट्याच्या पायात बूट, आणि २-१ नं जिंकले. ते असं सांगायचे जणू काल साइडलाइनला उभे होते. खरं म्हणजे त्यांचे वडील पण तेव्हा जन्मले नव्हते.

मग एकदा मी विचारलं की बाबूजी, एवढा जुना विजय, आताच्या पोरांना त्याचं काय? तर म्हणाले, आताच्या पोरांना तेच तर फेडायचंय. तेव्हा मला ते कळलं नाही, धंद्याची भाषा वाटली.

१९९७ च्या जुलैत मला त्यांनी ओढून सॉल्ट लेक स्टेडियमला नेलं. फेडरेशन कपची सेमीफायनल, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. सव्वा लाखाच्या वर माणूस. मी आपल्या गड्डा यात्रेची गर्दी बघितलेला माणूस, पण एका वाडग्यात बसवल्यासारखी ती गर्दी आणि तो आवाज, कानाला दडे बसले. बागानचे कोच अमल दत्ता, त्यांच्या डायमंड सिस्टीमचा पेपरात नुसता बोलबाला, त्यात मॅचआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या भुतियाची टर उडवलेली. भुतियानं तीन मारले. ४-१. आमचे बाबूजी परत येताना एक शब्द बोलले नाहीत, टॅक्सीचं भाडं मी दिलं ते पण त्यांच्या लक्षात आलं नाही. ईस्ट बंगालवाल्यांच्या गल्लीत त्या रात्री हिलसा, बागानवाल्यांचा मासा म्हणजे कोळंबी, ती बाजारात तशीच पडून. (कोळंबी मासा नाही हे मला माहीत आहे, भांडू नका.)

पण हे हसण्यावारी न्यायचं पण नाही. १९७५ ला शील्डच्या फायनलला बागान ईस्ट बंगालकडून ५-० नं हारलं तेव्हा त्यांच्या एका चाहत्यानं जीव दिला, चिठ्ठीत लिहून ठेवलं की पुढच्या जन्मी चांगला खेळाडू होऊन बागानकडून खेळीन आणि ह्याचा बदला घेईन. १९८० ला ईडन गार्डनवर ह्याच दोघांच्या डर्बीत चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक गेले. आता मला सांगा, त्या ५-० मधला बागानचा एखादा विशीतला बॅक, त्याला ती चिठ्ठी कळली असणार. तो पुढची मॅच कसा खेळला असेल? मी ह्याचा बऱ्याचदा विचार केलाय. चुनी गोस्वामी लहानपणापासून रिटायर होईपर्यंत बागान सोडून कुठं गेले नाहीत, ते सगळे मोठेपणानं सांगतात. त्या ५-० मधल्या बॅकचं नाव मात्र मला कुणी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही.

साखरपेठ_एक्सप्रेस

काका दंडवत. "तेच तर फेडायचंय" हे वाचून थांबलो.

ऑफसाइड_ताई

नमस्कार. मला फुटबॉलमधलं तुमच्याएवढं कळत नाही, आयडी माझ्या मुलानं चेष्टेनं ठेवलाय कारण मी कधीही ऑफसाइड ओरडते.

मुलगा १८ वर्षांचा, शिकायला कोल्हापूरला आहे. इथं पार्कवर आणि शाळेच्या ग्राउंडवर खेळायचा, तिथं गेल्यावर एका जुन्या तालमीच्या टीममध्ये घेतलं. तालमीचं नाव लिहीत नाही. फोन आला तेव्हा एवढा आनंदात होता की काय बोलतोय ते कळत नव्हतं, "आई ह्या तालमीत बाहेरच्या पोराला सहजासहजी घेत नाहीत" हे चार वेळा सांगितलं. आम्ही पेढे वाटले, त्याच्या आजोबांनी बाळीवेशीत सगळ्यांना सांगितलं.

आता दोन महिने झाले, मॅचच्या दिवशी संध्याकाळी फोन उचलत नाही. जिंकले तरी रात्री अकराला दोन मिनिटं बोलतो. एक मॅच हारले, ह्याच्या पायातून बॉल गेला म्हणे, त्या आठवड्यात मेसला जेवायला पण गेला नाही, रूमवर बिस्किटं खाऊन राहिला, हे मला त्याच्या रूममेटकडून कळलं. विचारलं तर म्हणतो "तुला नाही कळायचं, इथं गल्लीला तोंड दाखवायचं असतं".

त्याचे बाबा म्हणतात खेळ सोड, परत ये. मला तसं वाटत नाही पण झोप पण लागत नाही. तुम्ही लोक एवढं बोलताय म्हणून विचारते, हे असंच असतं का?

पेठेतला_पोरगा

ताई, नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठ, नोकरीला चार वर्षं सोलापुरात, होटगी रोडला. तुमचा प्रतिसाद वाचला आणि ऑफिसातनंच टाइप करतोय.

व्हय ताई, असंच असतंय. बाहेरच्या माणसाला वाटतं गल्लीची टीम म्हणजे संध्याकाळचा टाइमपास. आमच्याकडं पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नुसती नावं नाहीत, पेठेतला माणूस ह्यातल्या एकाचा जन्मतःच असतोय, विचारून नाही. शाहू स्टेडियमला मॅच असली की दुपारपासनं गाड्या, झेंडे, हलगी. आजोबा कुठल्या सालात कुठल्या कीपरनं काय खाल्लं ते सांगणार, नातू मोबाईलवर लाइव्ह करणार. त्यात आता टीमा बाहेरनं प्लेयर आणतात, परदेशातले पण, म्हणजे पेठेतल्या पोराला जागा मिळवायची म्हणजे अजून अवघड, आणि बाहेरनं आलेल्याला दाखवायचं अजून जास्त.

मी स्वतः बी टीमला दोन वर्षं होतो. जिंकलो की कोपऱ्यावरचा चहावाला पैसे घ्यायचा नाही. हारलो की पैसे घ्यायचा आणि सुट्टे नाहीत म्हणायचा. हे सांगताना आता हसू येतं पण तेव्हा मी तीन दिवस मागच्या बोळानं घरी गेलोय. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी वाढता वाढता विचारतो "त्या दिवशी काय झालतं रं?" नातेवाईकाच्या मयतीला गेलो तर तिथं एक जण हळूच कानात, "डावा पाय वापरत जा". एकदा आमच्यातल्या एकाला हारल्यावर स्टँडमधनं इतकी शिवीगाळ झाली की त्यानं सीझनच सोडला, आणि शिव्या देणारी आमचीच गल्ली.

पण दुसरी बाजू पण लिहितो नाहीतर खोटं होईल. आमच्या मॅचला मी पहिल्यांदा तो टी-शर्ट घालून गल्लीतनं चालत स्टेडियमला गेलो, तेव्हा दारात बसलेल्या एका आज्जीनं उठून माझ्या पाठीवर हात फिरवला आणि काही बोलल्या नाहीत. त्यांचा मुलगा सत्तरच्या दशकात खेळायचा हे मला नंतर कळलं. ताई, पगार नव्हता, बूट स्वतःचे, तरी तो हात अजून पाठीवर हाय.

बिस्किटावर राहणं मात्र बरोबर नाही. त्याला कुणीतरी सिनियर धरून द्या.

शेंगाचटणी_७

आज्जी. च्यायला. ऑफिसात वाचायला नको होतं.

बाराबंदी

ऑफसाइड ताई, मी फुटबॉल फार बघत नाही, धाग्याचं नाव वाचून आलो. पण जड म्हटल्यावर मला दुसरंच डोळ्यासमोर आलं.

आमच्या घरात सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलायची परंपरा. नंदीध्वजाच्या सात उंच काठ्या, संक्रांतीच्या आधी ६८ लिंगांना तैलाभिषेक, सगळा रस्ता पायी, अंगात पांढरी बाराबंदी. यात्रेच्या कितीतरी दिवस आधी रोज रात्री सराव सुरू होतो हे तुम्ही गल्लीतनं बघितलंच असेल. मी पहिल्यांदा सरावाला उभा राहिलो तेव्हा १९ वर्षांचा. वजन होतंच, पण तालमीत जाणाऱ्या पोराला वजनाची भीती नसते. भीती वेगळी. बाजूला जे म्हातारे उभे असतात ते काठीकडं बघतच नाहीत, तुमच्या पायाकडं बघतात. त्यांच्या बापांनी हीच काठी ह्याच रस्त्यानं नेली. काठी डगमगली की त्यांच्या तोंडून जो "हं" येतो ना, तो आवाज मला अजून झोपेत येतो.

तेव्हा आमच्या चुलत्यांनी एकच गोष्ट शिकवली. म्हणाले, थकायच्या आधी सांगायचं. हात भरून आला, पाय थरथरायला लागला की "घे" म्हणायचं, शेजारी माणूस उभाच असतो, तो घेतो. ज्याला "घे" म्हणायची लाज वाटते तोच काठी पाडतो. दर वर्षी नवीन पोरांना हेच सांगतो आम्ही, आणि दर वर्षी एखादा तरी ऐकत नाही.

तुमच्या मुलाला "घे" म्हणायला शेजारी कोण आहे तिथं, एवढं बघा.

जुळे_सोलापूरकर

बाराबंदी भाऊ, लिहिलंय एक नंबर पण घोळ आहे. काठी दुसऱ्याला देता येते. पेनल्टी देता येत नाही. शेवटच्या मिनिटाला बॉल तुमच्या पायात आला की तो तुमचाच असतो, शेजारी कुणी उभं नसतं. फुटबॉलची गंमत आणि क्रूरपणा तोच आहे की.

गोलकीपर_निवृत्त

@जुळे_सोलापूरकर मैदानात नाही देता येत. मैदानाबाहेर देता येतं. लिव्हरपूलचा कीपर कारियस, २०१८ ची चॅम्पियन्स लीगची फायनल माद्रिदबरोबर, दोन गोल ह्याच्या चुकीनं, ३-१ हारले. मॅच संपल्यावर तो गोलपाशी तोंड झाकून पडलेला होता आणि त्याच्याजवळ पहिले गेले ते माद्रिदचे लोक. ते दृश्य बघून मी टीव्ही बंद केला होता. नंतर डॉक्टरांनी तपासलं तर मॅचमध्ये डोक्याला मार लागून कन्कशन झालेलं निघालं. तोपर्यंत मात्र त्याला जिवे मारायच्या धमक्या येऊन गेल्या होत्या.

साखरपेठ_एक्सप्रेस

खरंय, आमच्यावर डाग आहे तो. मी पण त्या रात्री फेसबुकवर काहीबाही लिहिलं होतं, नंतर डिलीट केलं.

पार्कचा_पाहुणा

धागा काढला तेव्हा असं कुठं जाईल वाटलं नव्हतं.

हातमाग काकांचं "फेडायचंय" आणि बाराबंदींचं "पायाकडं बघतात" हे वाचल्यावर मला म्युनिक आठवलं. ६ फेब्रुवारी १९५८, विमान पडलं, २३ माणसं गेली, त्यात युनायटेडचे आठ खेळाडू. डंकन एडवर्ड्स २१ वर्षांचा, दवाखान्यात पंधरा दिवस झुंजला आणि गेला. बॉबी चार्लटन वाचला, तोही २० वर्षांचाच. दहा वर्षांनी १९६८ ला वेम्बलीवर बेनफिकाला ४-१ हरवून क्लबनं पहिल्यांदा युरोपियन कप जिंकला, त्यात दोन गोल चार्लटनचे. ओल्ड ट्रॅफर्डच्या भिंतीवर अजून त्या अपघाताचं घड्याळ आहे. म्हणजे आज जो १८ वर्षांचा पोरगा तिथं पहिल्यांदा खेळायला जातो तो त्या घड्याळाखालून जातो.

आणि पोरगा तर जातोच जातो. ऑक्टोबर १९३७ पासून आजपर्यंत युनायटेडची एकही मॅच अशी नाही ज्यात स्वतःच्या अकादमीतला खेळाडू टीममध्ये नाही. मध्ये महायुद्ध झालं, विमान पडलं, १९७४ ला क्लब खालच्या डिव्हिजनला गेला, तरी साखळी तुटली नाही. मला ह्याचा लई अभिमान होता, अजून आहे. पण काल रात्री पहिल्यांदा दुसऱ्या बाजूनं विचार केला. रॅशफर्ड तिथलाच पोरगा, २०१६ ला १८ वर्षांचा असताना पहिल्या दोन मॅचमध्ये चार गोल, सगळं गाव डोक्यावर घेऊन नाचलं. २०२५ ला त्याला आधी ॲस्टन व्हिलाला आणि मग बार्सेलोनाला लोनवर जावं लागलं. मधल्या काळात मी स्वतः त्याला किती बोललोय टीव्हीसमोर बसून. टॉवेलवाल्याला मी म्हणत होतो की त्यांच्यावर प्रेशर असतं, आणि ते टाकणाऱ्यातला एक मीच की.

शेंगाचटणी_७

अवांतर: टॉवेलवाल्याला हा धागा वाचायला दिलास का नाही?

पार्कचा_पाहुणा

दिला. म्हणाला "वाचायलोय, लई मोठं हाय, ऑडिओ करून पाठव."

हातमाग

ताई, मुलाचं काय झालं? चार दिवस झाले.

ऑफसाइड_ताई

सांगते, इंटरनेट नव्हतं घरी.

पेठेतला_पोरगा यांनी व्यनितून त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या खेळाडूंचा नंबर दिला, आता पन्नाशीचे आहेत, ते स्वतः मुलाला भेटायला त्याच्या रूमवर गेले. काय बोलले ते मुलगा सांगत नाही. एवढंच म्हणाला की त्यांनी स्वतःच्या तीन चुका सांगितल्या, कुठल्या मॅचला, कितव्या मिनिटाला, आणि त्या अजून लोकांना पाठ आहेत, आणि तरी ते रोज त्याच गल्लीत भाजी आणायला जातात.

मी पण एक केलं. मॅचच्या दिवशी फोन करायचा बंद केला, दुसऱ्या दिवशी सकाळी करते आणि मॅचचं काही विचारत नाही, जेवलास का तेवढंच. आणि शेंगाचटणी_७ यांच्याकडून एक किलो चटणी घेतली आणि कडक भाकरी, सकाळच्या एसटीनं येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर कोल्हापूरला पाठवली. परवा मॅच होती, १-१ झाली. रात्री त्याचाच फोन आला, मी लावला नव्हता. म्हणाला, "आई, टीममधल्यांनी चटणी एका दिवसात संपवली, अजून पाठव."

त्याचे बाबा अजून म्हणतात परत ये. त्यांना मी हा धागा दाखवला नाहीये.

साखरपेठ_एक्सप्रेस

म्हणजे माझी पाव किलो गेली.

शेंगाचटणी_७

गेली. पुढच्या घाण्याला देतो. ताई, पुढची दोन किलो माझ्याकडून, पैसे घेणार नाही, १-१ झाली तरी.

पेठेतला_पोरगा

@शेंगाचटणी_७ आणि हारले तर सुट्टे नाहीत म्हणू नकोस म्हणजे झालं.